मावशी अनबॅलन्स्ड

मावशीच्या कानात काहीतरी बिघडलं आणि जिना उतरताना तिचा तोल जाऊ लागला. जन्मभर मशीनवर ताठ बसून लोकांचे कोट शिवलेली बाई आता भिंतीला चिकटून खेकड्यासारखी उतरायची. जिन्याला कठडा एकाच बाजूला, तोही वळणावर मोडका.

"इमारतीच्या मॅनेजरला अर्ज लिही," तिनं भाच्याला फर्मावलं. "आणि इंग्रजीत लिही, म्हणजे जरा वजन पडेल."

भाच्यानं झोकात लिहिलं, 'माय आंट इज अनबॅलन्स्ड. शी नीड्स सपोर्ट ऑन बोथ साइड्स.' चार लोकांचा पाठिंबा मिळावा म्हणून एक प्रत इमारतीच्या फलकावरही डकवली.

दुसऱ्या दिवशी शेजारीण दूध मागायला आली. मावशीनं कापड कापता कापता दार उघडलं. हातात हीऽ मोठी कात्री.

"काही नको हो, तुम्ही शांत पडून राहा," असं पुटपुटत शेजारीण उलट पावली पळाली. वरच्या मजल्यावर रात्रंदिवस ड्रम बडवणारा पोरगा जिन्यात भेटला, तर अंग चोरून उभा. "आजपासून वाजवणं बंद, काकू. मनाला लावून घेऊ नका."

लोक सुधारले म्हणायचे, असं वाटून मावशी खूश झाली.

संध्याकाळी मॅनेजर दोन धिप्पाड गडी घेऊन दारात हजर. मावशी "या" म्हणते न म्हणते तोच त्या दोघांनी तिला दोन बाजूंनी दंडाला धरलं.

"घाबरू नका काकू, आपण डॉक्टरांकडे जाऊ."

"अरे सोडा! मला कठडा हवाय!"

"चिडतायत," मॅनेजर हळूच म्हणाला. "घट्ट धरा."

आरडाओरडा ऐकून भाचा आतून धावत आला. मॅनेजरनं अर्ज त्याच्या नाकासमोर धरला. "तुम्हीच लिहिलंय ना? अनबॅलन्स्ड! माणसाबद्दल असं लिहिलं की त्याचा अर्थ डोकं ठिकाणावर नाही असा होतो."

"अहो, तिचा तोल जातो, एवढंच!"

"मग 'शी लूझेस हर बॅलन्स' असं लिहायचं!"

मावशीनं भाच्याकडे असं पाहिलं, की गड्यांनी आपणहून हात सोडले. "तोल ना? आता जातोय बघ माझा!"

भाच्याची पाचावर धारण बसली. मॅनेजरला मात्र हसू आवरेना. शेवटी मावशीलाही फुटलं. तिनं सगळ्यांना चहा पाजला आणि चहा संपेपर्यंत भाच्याकडून अर्ज नव्यानं लिहून घेतला.

आठवडाभरात सुतारानं दोन्ही बाजूंना नवे कठडे बसवले. मावशी दोन्ही हातांनी धरून, मान ताठ ठेवून, मधोमध उतरली. पुढं भाचा, तोंड तिच्याकडे आणि हात पसरलेले, उलटा एकेक पायरी चाचपत.

"खाली बघ रे," ती म्हणाली. "पडशील."