एरंडोलला उठवा

गाडी सुरू झाली की मला झोप लागते. हा आजार नाही, सवय आहे, आणि तिची मला लाजही वाटत नाही. जळगावला कॉलेजात होते तेव्हा संध्याकाळच्या एस.टी.ने एरंडोलला घरी यायची आणि महिन्यातून दोनदा तरी थेट पारोळ्यात जागी व्हायची. माझे वडील, नाना, याच रस्त्यावर कंडक्टर. तोताराम कंडक्टरची पोर झोपेत पुढे गेली, ही बातमी माझ्याआधी घरी पोचायची. शेवटी नानांनी जळगाव-धुळे गाडीवरच्या सगळ्या कंडक्टरांना सांगून ठेवलं, हिला एरंडोलला उठवा.

१९९३ च्या मे महिन्यात माझ्या नावावर ऑस्ट्रेलियातून दोन पत्रं आली. बियाण्यांवर संशोधन करायला मी दोन ठिकाणी शिष्यवृत्तीचे अर्ज केले होते आणि दोन्हीकडून होकार आला होता. एक पत्र मेलबर्नचं, जाड कागदावर छापलेलं, खाली गोल शिक्का. दुसरं टास्मानियाचं. टास्मानिया म्हणजे त्या देशाच्या पायथ्याशी असलेलं बेट. तिथल्या प्राध्यापक बाईंनी हाताने दोन पानं लिहिली होती आणि शेवटी विचारलं होतं की तुमच्याकडची भरताची हिरवी वांगी बियाण्यासाठी झाडावर किती दिवस ठेवतात. आमच्या वांग्याची इतकी आपुलकीने चौकशी जळगावातही कोणी केली नव्हती. माझं तिथेच ठरलं. पण माझं ठरून काय उपयोग? कागदांवर जामीन म्हणून सही नानांची हवी होती आणि नाना दोन्ही पत्रांना हात लावत नव्हते.

बाकी सगळ्यांनी मात्र मत दिलं. नानांची बहीण, माझी भिकुबाई फुई, पापड लाटायला आली होती. बेट म्हणजे काय ते तिला परातीत पाणी ओतून, मध्ये वाटी पालथी घालून समजावलं. ती वाटीकडे बराच वेळ बघत राहिली.

“आनि पानी वाढनं तं पोर कोठे जाई?”

धुळ्याचे लोटनमामा शाळेत भूगोल शिकवायचे. ते शाळेतला भिंतीवरचा नकाशाच गुंडाळी करून घेऊन आले. नकाशाची खालची कड फाटलेली होती आणि तिच्यावर खाकी कागदाची पट्टी चिकटवली होती. टास्मानिया नेमकं त्या पट्टीखाली गेलं होतं. जे नकाशात दिसत नाही तिथे भाचीला पाठवायचं नाही, असं मामांनी जाहीर केलं. पट्टी त्यांनीच चिकटवली होती, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर रागावले. मग त्यांनी मेलबर्नचं कौतुक सुरू केलं. मुख्य भूमी ती मुख्य भूमी, तिथून वाटा फुटतात, मेलबर्नला शिकलेला मनुष्य पुढे सिडनीला जातो, तिथून अमेरिकेला जातो, पोरगी एकदा मेलबर्नला पोचली की तिला कोणी अडवू शकत नाही. मायसुद्धा मान डोलवायला लागली. मी रडकुंडीला आले होते.

नाना कोपऱ्यात तिकिटांना भोक पाडायचा पंच पुसत बसले होते. मामा दमले तेव्हा त्यांनी मला विचारलं की त्या बेटाच्या पुढे काय आहे. मी म्हटलं, काही नाही, समुद्र आहे आणि मग बर्फ. विमान तिथून कुठे जातं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आल्या वाटेनेच परत फिरतं.

“म्हनजे शेवटना थांबा शे,” नाना म्हणाले.

मामा म्हणाले तेच तर, आडरान आहे ते. नानांनी पंच खाली ठेवला.

“भाऊ, तीस वरीस मी गाडीवर शे. मधला थांबावर उतारू उतरस, दुसरी गाडी धरस, मंग तो कोठे गया माले कळत नही. शेवटना थांबावरनी गाडी परत येस. आनि तठून बठाले जागा भेटस.”

एवढं बोलून त्यांनी टास्मानियाच्या कागदावर सही केली. तेव्हा मला कळलं की नाना इतके दिवस माझ्या जाण्याला भीत नव्हते, माझ्या परत न येण्याला भीत होते. मला रडू आलं. फुईला वाटलं मी पाण्याला घाबरले.

चार वर्षांनी पदवी घेऊन मी परत आले. रेल्वेने जळगावला उतरले आणि स्टँडवर गेले तर धुळ्याच्या गाडीच्या दारात नाना उभे होते. ती ड्यूटी त्यांनी मुद्दाम मागून घेतली होती. मी पाया पडले, त्यांनी माझी बॅग चालकाच्या मागे ठेवली, मला खिडकीशी बसवलं आणि तिकीट हातात दिलं. पाळधी यायच्या आत मी झोपले.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती आणि रिकामी होती. नाना माझ्या शेजारच्या सीटवर बसले होते. बाहेर धुळ्याचा स्टँड होता. मी चिडले. सगळ्या कंडक्टरांना सांगत होता आणि स्वतः उठवलं नाही, माय तिकडे भाकरी करून वाट बघत असेल, असं बरंच बोलले. ते नुसते हसत होते. मुठीतल्या तिकिटाकडे माझं लक्ष गेलं. भोक एरंडोलच्या टप्प्यावर नव्हतं, धुळ्याच्या टप्प्यावर होतं. मायलाही त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं की पोर परतीच्या गाडीने येईल.

“चार वरीस वाट देखी,” नाना म्हणाले. “एरंडोल तं तासभरमाच येस.”

मग ते उठले आणि दारात जाऊन जळगाव, जळगाव ओरडायला लागले. गाडी भरली, माझी खिडकी माझ्याकडेच राहिली. परतीच्या वाटेवर मी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. तरी एरंडोलचा स्टँड आला तेव्हा नाना गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “उठ बाई, एरंडोल उनं.”