नाचून बसवलेलं आंगण

साहेब, खैरुनबीचं खुब्याचं हाड तुम्ही मोडलं. होय, तुम्हीच. दिग्रसच्या आमच्या गल्लीत सिमेंटचे गट्टू बसवले, नारळ फोडला, फोटो काढले, अन् वर्षाच्या आत ते गट्टू म्हाताऱ्याच्या दातांसारखे हलायला लागले तेव्हा पाठ फिरवली, ते तुम्ही. त्यातल्याच एका गट्टूनं तिला पाडलं.

तेव्हापासून खैरुनबी वॉकर धरून घरातल्या घरात. शेजारची रत्नप्रभा रोज चहा घेऊन तिच्याकडे जायची, पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना. खैरुनआपा पुन्हा आपल्या पायांनी माझ्या आंगणात आली पाहिजे, हे तिनं मनात धरलं. आणि मागचं आंगण तर काळ्या मातीचं, चप्पल गिळणारं.

"मीच गट्टू बसवते," तिनं जाहीर केलं.

"तू?" श्रीकृष्णराव, तिचे बँकेतून रिटायर झालेले यजमान, हसून लोळायचेच बाकी होते. "तुही पोळी गोल होत नाही, अन् आंगण सपाट करून राह्यली!"

"पोळी खाता न? मंग फावडं धरा."

धरलं बिचाऱ्यांनी. आधी काळी माती उपसली. ती ओली झाली की फुगते, वाळली की फाटते. तिच्यावर गट्टू ठेवणं म्हणजे म्हशीच्या पाठीवर कपबशी ठेवणं. मग मुरूम आला. श्रीकृष्णरावांनी नळीत पाणी भरून लेव्हल घेतली, दोर ताणला, मुरूम पसरला. जमीन ठोकायचं जड धुम्मस दोनदा आपटलं आणि कंबर धरून खाली बसले. "बाकीचं उद्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे रत्नप्रभा सवयीनं उठली, बादली उचलली आणि अर्ध्या झोपेत त्या कोरड्या, सपाट मुरमावर मोकळ्या हातानं सडा घातला. वर कमळाची रांगोळीही काढली.

"अवं, मुरमावर सडा?" श्रीकृष्णराव ओरडले.

"हात चालला. डोकं मागून आलं!"

दोघं हताश होऊन बघत असतानाच तांड्यावरची बसंतीबाई भाजीची टोपली घेऊन आत आली. तिनं टोपली ठेवली, मुरमावर टाच दाबून पाहिली.

"रडता कायले? ओलाच मुरूम दबते. आमच्या तिजेच्या सणात नाचू नाचू जमीन दगडावानी होते. चाला!"

तिनं लुगडं खोचलं आणि रांगोळीच्या कमळावर पहिला पाय आपटला. रत्नप्रभा मागून. कोकिळा आली, पायल आली, गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या. फेर धरला. टाळी, गिरकी, आणि धाड! श्रीकृष्णराव कंबर विसरून परात बडवायला लागले. हसून हसून कोणाला श्वास पुरेना, पण पाय कोणी थांबवेना.

तेवढ्यात कुंपणापलीकडच्या खिडकीतून आवाज आला, "ओ श्रीकृष्णभाऊ, ताल चुकून राह्यला तुमचा!"

खैरुनबी हसत होती. पडल्यापासून पहिल्यांदा.

मग काय, रेती पसरली, गट्टू बसले, फटींत दगडाची बारीक चुरी भरली. आणि कुंपण बाजूला सारून खैरुनबीला आणलं. ती कडेशीच थांबली. वॉकर पुढं टाकेना.

"नाही वं रत्ना. गट्टू दिसला का माह्या पायातला जीवच जाते."

रत्नप्रभानं काठोकाठ भरलेला कप गट्टूवर ठेवला आणि बाजूला धाडकन उडी मारली. मग श्रीकृष्णरावांनी मारली. बसंतीबाईनं तर टोपलीसकट मारली, दोन वांगी उडाली!

"सांडला का चहा?"

खैरुनबीनं वाकून पाहिलं. थेंबही नाही.

ठक. ठक. ठक. वॉकर आंगणाच्या मधोमध आला. तिथं तिनं तो श्रीकृष्णरावांच्या हातात दिला. "धरा जरा."

"आपा, उडी नाही हां!" रत्नप्रभा किंचाळली.

आपानं उडी नाही मारली. चांगला पाय उचलला आणि जोरात आपटला. गट्टू हललाच नाही. मग कप तोंडाला लावला. "गार झाला वं. दुसरा टाक."

आता म्हणते, बाजारात जाते, माझी वांगी मीच निवडते. वॉकर घेऊन फाटकापर्यंत चालतही गेली. पण फाटकाबाहेर तुमची गल्ली आहे, साहेब. पाय उचलून ती तिथंच उभी आहे, मागं वळून रत्नप्रभाला विचारते, "इथलेही नाचून बसवले का वं?"

 याचं उत्तर तुमच्याकडे आहे. या गट्टूंखाली मुरूम टाकला होता का नाही? बाई ताटकळली आहे. हो की नाही, बोला!