उरलेलं गाणं

“म्हण ना पारू, काहून अडून बसलीस?” आईनं हळदीचं ताट खाली ठेवलं. “तेच म्हण, कापसातलं.”

पारुबाई मांडवाच्या मेढीला टेकून बसली होती. तिनं मान हलवली. “ते न्हाई, बाई. दुसरं कोणतंबी म्हणते.”

“दुसरं काहून? माह्या नर्मदीला तेच पायजे.”

“ते आज न्हाई म्हणत.”

मांडवातल्या बाया वळून बघायला लागल्या. रुख्मिणीआत्या तेवढ्यात बोललीच, “घ्या अजून लमानणीला डोक्यावर.” मी हळदीनं माखून पाटावर बसले होते. नवरीनं बोलायचं नसतं, नाहीतर आत्याला तिथंच सुनावलं असतं. माझी जीभ तेव्हापासूनच अशी.

औंढ्याच्या वाटेवर आमचं शेत आणि बांधापलीकडं माळावर पारुबाईचा तांडा. वेचणीला ती आमच्याकडं यायची आणि ओटीत कापूस भरता भरता गायची. तिच्या बोलीतलं आईला ओ की ठो कळत नव्हतं. तरी माझी आई गोजरबाई, शेताची मालकीण, मुद्दाम तिच्या शेजारची पात धरायची. मी तेव्हा बाभळीला बांधलेल्या झोळीत. सदा गळा काढलेला. एकदा पारुबाईनं ते गाणं धरलं आणि मी अशी एकाएकी गप्प झाले, की आई घाबरून धावत आली. बघते तर मी गाढ झोपलेली.

मग काय, तीच माझी अंगाई झाली. आई घरी पाळण्यापाशी तेच म्हणायला लागली. शब्द येत नव्हते. ‘याडी’ म्हणजे आई, एवढं एक तिनं विचारून घेतलं होतं. तेवढा शब्द म्हणायचा, बाकी नुसता सूर.

“वहिनी, पोरगी उद्या घागरा घालून हिंडंल,” आत्या म्हणायची.

“हिंडू द्या. झोपती ना?”

मोठी झाल्यावर मी विचारलं होतं, या गाण्याचा अर्थ काय म्हणून. आई म्हणाली, “गूळ खाताना ऊस कोणाचा, ते इचारतं का कोणी?” विषय संपला.

निजामाचं राज्य होतं. रझाकारांच्या धास्तीनं पोरींची लग्नं घाईनं उरकत होती. माझंही कनेरगावाकडं ठरलं. दागिन्यांची, पंगतीची आईला काही हौस नव्हती. तिला एकच हवं होतं, लेकीच्या हळदीला पारूनं ते गाणं म्हणावं. तिच्यासाठी खणही आणून ठेवला होता. आणि ही बाई भर मांडवात नाही म्हणते!

“माह्या लेकीसाठी तुला गाणं जड झालं व्हय?” आईनं हळदीचं ताट बाजूला सारलं. “मंग राहू दे. जा तू.”

पारुबाई उठली आणि निघून गेली. खण तसाच राहिला. त्यानंतर आई कुणाशी धड बोलली नाही. मलाही वाईट वाटलं, पण खरं सांगते, राग जास्त आला होता.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या आणि मला गाडीपाशी आणलं. रीतीप्रमाणं मी रडत होतेच. समोर पारुबाई उभी. आईनं तोंड फिरवलं. पारुबाईनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि ते गाणं म्हणायला लागली. कापसात ती हळू म्हणायची. इथं तिनं पुरा गळा सोडला होता, आणि डोळ्यांना धार लागली होती.

“हे पाठवणीचं हाय, बाई,” मधेच थांबून ती आईला म्हणाली. “आमच्यात नवरी आपल्या तोंडानं म्हणती. मायला सोडून जाताना. हळदीला कसं म्हणू? नर्मदीला येत न्हाई, म्हून तिच्याकून मी म्हणून राहिले.”

आई वळली. “मंग कापसात काहून म्हणत व्हतीस?”

“माह्या लग्नात लाजून अर्धंच म्हणलं. पुन्हा याडीची भेट झाली न्हाई. उरलेलं तुमच्या कापसात म्हणत व्हते.”

“अन मी पोरीला त्यानं निजवलं गं पारू. सांगायचं तरी.”

“लेकरू झोपत व्हतं. काय सांगू?”

आईनं तिचा हात धरला. “म्हण,” एवढंच बोलली. “पुरं म्हण.”

पारुबाईनं पुन्हा सूर धरला. आई रडली, बाया रडल्या, आत्यानंही पदर डोळ्यांना लावला. माझं रडणं मात्र थांबलं. लग्नाचं जागरण होतं अंगात, आणि कानात ते गाणं. मी पारुबाईच्या खांद्यावर मान टाकली. गाडीत मला कुणी चढवलं, आठवत नाही.

पाठराखीण म्हणून माझ्यासोबत आत्याच आली होती. ती पुढं सांगायची, वेशीपर्यंत पारुबाई गात गात गाडीसोबत चालली. आई तिच्या मागं होती, हातात तो खण घेऊन. मी आत्याच्या मांडीवर झोपले होते. तिनं मला उठवलं नाही.