राणीचा बाक

धोंडू सुतारानं बाकाच्या सांध्यात लांबीचा लगदा भरायला अंगठा पुढे केला, तेवढ्यात विमलाबाईंनी आपला पंजा त्या फटीवर ठेवला.

"ही बुजवायची नाय."

"बाय, दोन बोटं आत जातायत. वर पितळी पाटी लागणार, आणि खाली भोक तसंच ठेवू?"

"ठेव."

धोंडूनं पाळकसाहेबांकडे पाहिलं. रेव्हरंड देवदान साळवी बाकाच्या पाठीवर हात टेकून उभे होते. त्यांनी मानेनंच त्याला थांबायला सांगितलं. पाहुण्यांसमोर वाद नको होता. पाहुणे म्हणजे आठल्ये मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंची यादी करायचं सरकारी काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. यादीत नाव लागलं तर पावसाआधी चर्चच्या कौलांना आणि वाशांना मदत मिळण्याजोगी होती. गेल्या आषाढात उपासनेला लोक छत्र्या उघडून बसले होते.

आणि नाव लागायला हा बाक पुरेसा होता. उत्तरेच्या लहान दारापाशी, बाकीच्या बाकांपासून चार हात दूर ठेवलेला, फणसाच्या लाकडाचा. टेकडीवरच्या राजवाड्यात ब्रह्मदेशचा राजा नजरकैदेत होता तेव्हा त्याची राणी इथे येऊन प्रार्थना ऐकत बसे, असं सगळी मंडळी सांगत. बाकावर कुणी बसत नसे. नाताळात त्यावर झेंडूची माळ चढे. मुंबईचे पाहुणे आले की त्यांना आधी बाक दाखवायचा आणि मग क्रूस, असा शिरस्ताच पडला होता. तशी पाटीही तयार होती. पितळेवर कोरलेली, कागदात गुंडाळलेली, धोंडूच्या हत्यारांच्या पिशवीत.

आठल्ये मास्तरांनी चष्मा पुसला.

"पाळकसाहेब, राणीचं तुम्ही कुणाकडून ऐकलंत?"

"आधीच्या पाळकांकडून."

"त्यांना पत्र घातलं होतं मी. ते म्हणतात, विमलाबाईंकडून. तुमच्या दोन्ही पंचांना विचारलं, तेही म्हणतात विमलाबाईंकडून." मास्तर विमलाबाईंकडे वळले. आवाजात खोच नव्हती, वर्गात मागे पडलेल्या मुलाला विचारावं तसंच विचारलं. "बाई, तुम्ही कुणाकडून ऐकलंत?"

"जुनी माणसं सांगायची."

"त्यातल्या एकाचं नाव सांगा. तुमचा जबाब लिहून घेतो. खाली सही करायची, की हे खरं आहे."

विमलाबाई गेली पंचेचाळीस वर्षं या चर्चमध्ये झाडलोट करत होत्या, घंटा वाजवत होत्या. बासष्ट वर्षांच्या बाईला एक नाव सुचू नये असं नव्हतं. मेलेल्या माणसांची नावं हवी तेवढी होती, आणि त्यातलं कुणी साक्षीला उठून येणार नव्हतं. छप्पर झालं असतं, पाटी लागली असती. पण पाटी एकदा लागली की मग त्या बाकावर राणीच बसलेली राहिली असती, कायमची. फटीवरचा हात त्यांनी काढला नाही.

"जुनं माणूस कोणी नाय," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं. मी खोटं सांगितलं."

धोंडूच्या हातातला लांबीचा गोळा तसाच राहिला.

"राणी कधी आलीच नाय इथं. इथं आश्रमातली माणसं बसायची. महारोगी. त्या दारानं आत यायची, त्याच दारानं जायची. म्हणून हा बाक लांब."

"पण सगळे तर..." पाळकसाहेब म्हणाले.

"माझी आई बसायची. हौसा नाव तिचं. ह्या टोकाला, दारापाशी."

हे वाक्य त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. जन्मल्यावर सहा महिन्यांत विमलाला आईपासून काढून मिशनच्या मुलांच्या घरात ठेवलं होतं. मूल निरोगी होतं, ते निरोगी राहावं म्हणून. आई दिसायची ती रविवारी, चार बाक ओलांडून. बोलायचं नाही, जवळ जायचं नाही. मात्र उपासना संपून आश्रमातली माणसं गेली की हा बाक फिनेलच्या पाण्यानं धुवायचा असे, आणि ते काम मुलांच्या घरातल्या एका पोरीकडे असे. नवव्या वर्षी विमलानं ते मागून घेतलं. लोकांना वाटलं, पोर गुणाची आहे.

"ह्या फटीत ती काजू ठेवायची," विमलाबाई म्हणाल्या. "भाजून, फोडून, पानात बांधून. बोटं नव्हती तिला. दगडानं फोडायची, त्यामुळं गर कधी अख्खा नसायचा. तुकडेच. मी बादली खाली ठेवायची आणि आधी ते खायची."

"मग राणी?" आठल्ये मास्तरांनी विचारलं. लेखणीचं टोपण त्यांनी केव्हाच लावून टाकलं होतं.

"आई गेली. पुढल्या वर्षी आश्रमात वेगळं प्रार्थनाघर झालं, तिथली माणसं इथं यायची बंद झाली. पंच म्हणाले, बाक फोडून जाळा. कुऱ्हाड आणलेली. पाळक नवे होते, नगरकडचे. मी सतरा वर्षांची. मी म्हटलं, रोग्यांच्या आधी ह्याच्यावर राणीसाहेब बसून गेल्यात. झालं, कुऱ्हाड खाली."

ऐकीव गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. पहिली काही वर्षं लोक राणी आणि रोगी दोन्ही सांगत. मग राणी तेवढी राहिली. ज्या बाकाला कुणी हात लावत नव्हतं, त्याला पुढे कुणी हात लावू देईना.

पाळकसाहेबांनी बाकाच्या पाठीवरचा हात उचलला होता. कधी उचलला ते त्यांनाही कळलं नसावं. विमलाबाईंनी ते पाहिलं. त्यांना राग आला नाही, वाईट मात्र फार वाटलं. त्या शांतपणे म्हणाल्या,

"बाहेर दगडी दोणीत पाणी आहे, साहेब."

पाळकसाहेबांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. मानेपर्यंत लाल झाले. हात धुवायला ते गेले नाहीत, पण तो पुन्हा बाकावर ठेवायचंही त्यांना जमलं नाही.

आठल्ये मास्तरांनी लेखणीचं टोपण पुन्हा काढलं आणि छापील कागद उलगडला. "राजघराण्याशी संबंध" या ओळीपुढे त्यांनी आडवी रेघ मारली. "यादीत बसणं आता कठीण आहे," ते म्हणाले. "खाली उल्लेखनीय व्यक्तींचा रकाना आहे. तो कोराच सोडतो."

"सोडा," पाळकसाहेब म्हणाले. मग छताकडे बघून म्हणाले, "कौलं आपण आपली परतून घेऊ."

धोंडूनं लांबीचा गोळा डब्यात टाकला, पाटी होती तशी पिशवीत ठेवली आणि निघताना एवढंच विचारलं, "बाय, फट तशीच ना?"

"तशीच."

शनिवारपर्यंत ही गोष्ट साऱ्या मंडळीत पोचली. रविवारी घंटा वाजवून झाल्यावर विमलाबाई नेहमीच्या मोठ्या दारानं आत गेल्या नाहीत. चर्चला वळसा घालून त्या उत्तरेच्या दारानं आल्या. आयुष्यभर हा बाक पुसला होता, त्यावर बसल्या नव्हत्या. आज बसल्या. पुढच्या बाकांवरून दोन-तीन माना वळल्या आणि परत फिरल्या. लहान मुलाला घेऊन एक बाई आली, इकडे तिकडे बघून पलीकडे सरकली. पहिलं गीत सुरू झालं. विमलाबाई एकट्याच होत्या. पाळकसाहेब व्यासपीठावर उभे होते, त्यांची नजर गीताच्या पुस्तकातून वर येत नव्हती.

दुसऱ्या कडव्याला विमलाबाईंचा हात सवयीनं खाली गेला. फटीत काहीतरी होतं. काजूचं हिरवं पान, दोऱ्यानं बांधलेलं. कुणी ठेवलं असेल? त्यांनी समोर पाहिलं, सगळे गात होते. मांडीवर पदराआड त्यांनी दोरा सोडला.

आत भाजलेल्या काजूचा एकच गर होता. अख्खा.