म्युझियममध्ये पाझरणारी छागल

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे. माझ्या तोंडाला लाकडी बूच आहे. ते काढलं की एरवी पाणी येतं, आज गोष्ट येईल.

छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. मला नंदुरबारच्या इद्रिसचाचांनी शिवलं. "सुरुवातीला रडेल, रडू द्या," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. नवी छागल गळतेच. धागे पाणी पिऊन फुगले की गळणं थांबतं आणि नुसतं पाझरणं उरतं. त्या ओल्या अंगाला वारा लागला की आतलं पाणी थंडगार होतं. माझी सगळी विद्या एवढीच.

तापीकाठच्या पार्वतीबाईंच्या घरी मी आले. केळीच्या मळ्यात कधी बैलगाडीला, कधी ट्रॅक्टरला लटकले. त्या घराची एक रीत होती. कुठेही थांबलं की आधी वाऱ्याची, सावलीची जागा शोधून छागल टांगायची, मग स्वतः टेकायचं. या रीतीने माझी केवढी वरात काढली ते पुढे येईलच.

मग घरात फ्रीज आला आणि मी माळ्यावर गेले. तिथे उंदीर माझ्याकडे आशेने पाहत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सगळे राजस्थानात वाळवंट बघायला निघाले, तेव्हा बाईंनी मला खाली काढून भिजत घातलं.

"माय, गाडीमा एसी शे, बाटल्या शेतस. हाई पोतेरं कसाले?" त्यांचा मुलगा रतिलाल म्हणाला.

"वाळवंटमा जाई ऱ्हायनात अन छागल नही? लोके हसतीन!"

लोक हसले नसते, पण मी निघाले. गाडीच्या आरशाला लटकून, वारा खात! इतकी खूश मी नवी असतानाही नव्हते.

सून दामिनीला चित्रांचं वेड. प्रत्येक गावात तिला चित्रांचं म्युझियम हवं.

"उंट देखाना का भिंती?" रतिलाल कुरकुरला.

"उंट तं मेंढ्यावाला रबारीसना आपला गावमा बी येतस. चित्रे येतस का?"

एका मोठ्या म्युझियमच्या दारात पार्वतीबाईंनी सवयीने चपला काढल्या आणि देवीच्या चित्रापुढे हात जोडले. दहा वर्षांची नात भूमिका लाजली. पण मागून आलेल्या दोन बायकांनीही हात जोडले, तेव्हा तिनेही जोडले.

तिथे मला आत नेलं नव्हतं, हे मी नंतर ऐकलं. जैसलमेरच्या अलीकडे मात्र एका जुन्या घरात छोटंसं म्युझियम होतं. एका दालनात चित्रं, दुसऱ्यात उंटाचं खोगीर, ताकाची रवी, चामड्याची पखाल. खिडकीतून झकास वारा येत होता, शेजारी खुंटी रिकामी होती. बाईंनी रीतीप्रमाणे मला तिथे टांगलं आणि त्या चित्रं बघायला गेल्या.

मित्रांनो, काय सांगू! माणसं आली, माझे फोटो काढून गेली. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "देख, राजाओं के ज़माने की है." माझं अंग आनंदाने आणखी पाझरलं. खाली थारोळं साचलं.

बाई परत येऊन मला काढू लागल्या, तसा पहारेकरी धावला. "माजी, हाथ मत लगाओ! म्युझियम की चीज़ है!"

"अरे भो, मन्ही छागल शे ती!"

"सब यही बोलते हैं."

मी तिथेच राहिले तर? बाईंनी मात्र वाद घातला नाही. बूच काढलं. "तुन्ही वस्तूमा पानी ऱ्हास का? पी देख!"

तो ओंजळ धरून प्यायला. पुन्हा ओंजळ धरली. "एकदम ठंडा है, माजी," म्हणत त्याने मिशा पुसल्या आणि तोच हसत सुटला.

एवढ्यात म्युझियमच्या मॅडम आल्या. त्यांनी मला हळुवार चाचपलं. म्हणाल्या, "ऐसी अब कहाँ मिलती है? हमें दे दीजिए. काच में रखेंगे, आपके नाम के साथ."

"दी टाक ना, माय," रतिलाल लगेच म्हणाला. "आपलं नाव लागी."

खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. काचेचं कपाट, वर दिवा, उंदीर नाहीत! बाईंनी माझं बूच घट्ट बसवलं. मग म्हणाल्या, "काचमा ठेवशात तं पानी कोन पीई?"

मॅडमचा चेहरा उतरलेला पाहून भूमिका पुढे झाली. "मी हिचं चित्र काढून देऊ?"

ती फरशीवर मांडी घालून बसली. दामिनी शेजारी बसली. "पोट आखो मोठं कर वं, पानी शे तिन्हामा." चित्र झालं. त्यात मी जरा म्हशीसारखी दिसत होते, पण मॅडमनी ते त्याच खुंटीवर लावलं. पहारेकरी म्हणाला, "यह अच्छा है, टपकता नहीं."

तर आता वाळवंटात माझं चित्र लटकतंय आणि मळ्यात मी. येताना मला आरशाला रतिलालनेच बांधलं, आणि वाटेत पहिलं पाणीही तोच प्यायला.

मित्रांनो, म्युझियम जरूर बघा, तिथल्या वस्तूंना सांभाळणाऱ्यांचे आभार माना. पण घरी आलात की एकदा माळ्यावरही चढा. तिथे एखादी म्हातारी वस्तू कामाची वाट बघत पडली असेल. तिला नुसती पुसून ठेवू नका. कामाला लावा.