लाल रेघा

"एका वेळी एकाच ठिकाणी हात घाल रे! दोन जागी हात घातलास, तर दोष कुठला आणि तुझी करामत कुठली, ते देवालाही कळायचं नाही!"

लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीतून वरून खाली येणारा उस्तादांचा आवाज. त्या वेळी बाबा विशीतले होते, तळाच्या खड्ड्यात ग्रीसनं माखून मान वर करून उभे. उस्ताद कधीचे गेले. बाबाही लिफ्टच्या कामातून निवृत्त होऊन घरी बसले. आवाज तेवढा निवृत्त झाला नाही. जेवणाच्या टेबलाशी, उघड्या कॉम्प्युटरसमोर बसलं की तो अजून तसाच वरून खाली यायचा.

कॉम्प्युटर एका अंगाचा पत्रा काढून आडवा पडला होता. आत पंखे, वायरींच्या जुड्या, आणि मदरबोर्डवर उभ्या बसवलेल्या रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या. बाबांनी व्हिडिओ थांबवत थांबवत, चष्मा पुसत पुसत तो स्वतःच्या हातानं जोडला होता. पहिल्याच दणक्यात सुरूही झाला. पण सुनेनं त्यावर इमारतीचा मोठा नकाशा उघडला की पडदा निळा पडे आणि मशीन आपणहून बंद होऊन पुन्हा उठे. मग बाबांनी मेमरी तपासायचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन लावला. काळ्या पडद्यावर आकडे धावू लागले, आणि थोड्याच वेळात लाल रेघ उमटली. मग दुसरी. मग रेघांवर रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे मेमरीत ठेवलं एक आणि परत मागितल्यावर हाती आलं दुसरंच.

सून एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायची. इथली शाखा बंद व्हायची होती. मुख्य कचेरी दूरच्या शहरात. घरी दमदार मशीन असेल तर घरून काम करा, नाहीतर इकडे या, असं त्यांनी कळवलं होतं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

"एवढंच ना? मशीन मी बांधतो," बाबा म्हणाले होते.

"बरं," सून म्हणाली होती.

मुलगा गेल्यापासून ती सगळ्यालाच बरं म्हणे. भाजी आणू का? बरं. दार लावू का? बरं. मुलाच्या पहिल्या पाळीसाठी लावलेला गजर अजून पहाटे वाजायचा. ती उठून तो बंद करायची, बाबा कूस बदलायचे, आणि गजरच काढून टाकू असं दोघांपैकी कुणाच्या तोंडी येत नसे. रडणं केव्हाच आटलं होतं. त्या जागी काही उगवलं नव्हतं. दोन माणसं एका घरात वावरत होती, भांड्याला भांडं न लागू देता.

या मशीनच्या बिघाडानं मात्र त्यांना बोलतं केलं.

"आज काय म्हणतंय?" ऑफिसातून आल्यावर पर्स खांद्यावर असतानाच ती विचारायची.

"एकच पट्टी ठेवलीय आत. दुसरी काढली. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरनं घासून लख्ख केले. बघ, एक रेघ नाही."

"मग ही चांगली, आणि ती खराब."

"तेच तर! तीसुद्धा एकटी लावून बघितली. तिलाही रेघ नाही. मग खाच बदलली. तिथंही नाही. दोघी मिळून बसवल्या की रेघा सुरू."

"एकीवर नाही भागणार? मोठा नकाशा नाही उघडायचा ना?"

"नाही उघडायचा. दोन्ही हव्यात."

"मग... नाही होणार का हे, बाबा?"

"होणार नाही म्हणजे? चाळीस मजले वर-खाली केलेत मी. ही एवढीशी पट्टी मला दाद देणार नाही?"

त्यावर ती हसली. खरोखर हसली. त्या संध्याकाळी तिनं मागून भात घेतला, आणि जेवता जेवता सांगितलं की मुख्य कचेरी नदीच्या काठावर आहे म्हणे, नकाशेवाल्यांच्या खिडकीतून होड्या दिसतात म्हणे. बाबा ऐकत होते. घरात आवाज आहे याचंच त्यांना इतकं अप्रूप की आवाज काय सांगतोय, तिकडे लक्ष गेलं नाही.

शनिवारी सून ऑफिसला गेली आणि बाबांनी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याचं दुकान गाठलं. पट्ट्या त्याच्याकडूनच घेतलेल्या. पहिली आधी घेतली. नकाशांना पुरत नाही असं सून म्हणाली, तेव्हा दुसरी महिन्याभरानं. डबा तोच, वरचं लेबल तेच.

"काका, तुम्ही फसलात," दुकानदार पट्ट्या उलटसुलट करत म्हणाला. "लेबल एक असलं म्हणून काय झालं? आतल्या चिपा वेगळ्या आहेत. जोडी म्हणून एका डब्यातून घेतल्या असत्या तर ही कटकट नव्हती."

"जुळ्या दिसतात की."

"दिसायला जुळ्या. एकेकटी बसवली तर दोघीही गुणी, आणि शेजारी बसवलं की भांडण! स्पीड किती ठेवलाय?"

"डब्यावर छापलाय तेवढा."

"तिथंच मेख आहे. डब्यावरचा आकडा एकटीसाठी. दोघींना एकत्र पळवायचं तर जरा हळू पळवा. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जा, स्पीड एक पायरी उतरवा. बाकी कशाला हात लावू नका. नाहीच झालं तर एक पट्टी आणून टाका, बदलून देतो."

"लिफ्टलाही असंच असतं रे. जास्त माणसं भरली की हळू न्यावी लागते."

"पण ही मध्येच अडकली तर आत कुणी गुदमरत नाही, काका. निवांत करा."

बाबांनी घरी येऊन बोट धातूच्या पत्र्याला टेकवलं, अंगातली वीज उतरवली, दोन्ही पट्ट्या कट् आवाज येईतो खाचेत दाबल्या. मशीन सुरू केलं, स्पीड एक पायरी उतरवला, तपासणी लावली. हाताची घडी घालून बसून राहिले. आकडे धावत होते. बाबा पाणी प्यायला उठले, परत आले. रेघ नाही. एक फेरी निर्मळ गेली, दुसरी गेली. शेवटी पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. पास.

बाबांनी दुकानदाराला फोन लावला. "चाललं हो! राजे, चाललं! एक रेघ नाही!" आपलं हसू आपल्याच कानाला परकं वाटलं, इतक्या काळानं ते बाहेर आलं होतं.

मग सुनेची वाट बघत बसले. ती आली की काही न बोलता पडदा तिच्याकडे वळवायचा. मग तिचा चेहरा कसा होईल, हे ते मनात रंगवू लागले.

पण चेहरा काही रंगेना.

पट्टी एकटीनं चांगली चालली म्हणून सांगितलं, तेव्हाचा चेहरा आठवला. नुसतंच ऐकून घेतल्याचा. आणि दोघी मिळून बसवल्या की रेघा येतात म्हटलं, तेव्हाचा आठवला. नाही होणार का हे, बाबा? असं विचारताना ओझं उतरल्यासारखे खाली आलेले खांदे. मग ते हसू. मागून घेतलेला भात. नदी. होड्या.

बाबा हिरव्या अक्षरांकडे बघत राहिले. त्यांना राग आला नाही. रडूही आलं नाही. लिफ्टचा दोष सापडला की कधी कधी अंगातलं बळच निघून जातं, एवढा वेळ जिथं शोधत होतो तिथं तो नव्हताच म्हणून, तसं काहीसं झालं. पोरगी जायला निघाली होती, आणि तिची वाट मोकळी करून देणारं कुणी तिला सापडत नव्हतं. म्हाताऱ्या सासऱ्याला तोंडावर ती कसं सांगेल? यंत्रानं नाही म्हटलं असतं, तर तिच्यावर बोल आला नसता.

त्यांनी मशीन बंद केलं. पुन्हा सुरू केलं. स्पीड होता तिथं, वर नेऊन ठेवला. तपासणी लावली. लाल रेघ आली. मग दुसरी. बाबांनी खुर्ची जरा मागे घेतली.

उन्हं उतरायच्या वेळी सून आली. दारातच पर्स खांद्यावर ठेवून उभी राहिली. पडद्याकडे बघितलं.

"नाही झालं," बाबा म्हणाले. "सगळं करून बघितलं. आता माझ्या हातात काही उरलं नाही."

"हं."

"सोमवारी कळवून टाक. म्हणावं, मशीन नाही झालं. यंत्राचा दोष. त्यात तुझा काय, माझा काय."

ती आत गेली. स्वयंपाकघरातला नळ सुटला, बराच वेळ नुसता वाहिला, बंद झाला. ती ओले हात तसेच घेऊन बाहेर आली.

"मी दुकानावरून आले, बाबा."

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"त्यानं थांबवलं मला. म्हणाला, काकांनी जिंकलं. फोनवर हसत होते म्हणाला."

"मग... परत बिघडलं."

"बाबा."

"बिघडतं गं. यंत्र आहे."

पडद्यावर रेघांमागून रेघा चढत होत्या. सुनेनं बाजूचं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली. इतक्या जवळ ती या घरात आल्यापासून कधी बसली नव्हती.

"ते हळू करा परत," ती म्हणाली.

"कशाला? असू दे की असंच."

"नको. चालू दे ते. नीट चालताना सांगायचंय मला."

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी मशीन बंद केलं. पंखे थांबले. पुन्हा सुरू केलं, स्पीड उतरवला, तपासणी लावली. दोघं शेजारी शेजारी बसून बघत राहिले. आकडे धावत होते. काळा पडदा काळाच राहिला. खिडकीतला उजेड टेबलावरून सरकत भिंतीवर चढला. पहिली फेरी पुरी झाली. एकही रेघ नव्हती.

सुनेनं केव्हाच वाळलेले हात पदराला पुसले.

"मशीन चालतंय," ती म्हणाली. "तरी मला जायचंय, बाबा."