दोनदा घेतलेला भात

कमलने पाचही जणींना लॅबबाहेरच्या बाकावर ओळीने बसवलं आणि एकेकीची बाही स्वतःच वर सारली. परळच्या त्या हॉस्पिटलात सगळ्या तिच्या शब्दाखातर आल्या होत्या, लालबागच्या एकाच चाळीतून.

"हळदीकुंकवाक बसवल्यासारख्या बसवल्यान हिनं," त्यांतली सगळ्यांत थोरली जाईबाई म्हणाली. "वाण काय देतलात गो बाय?"

"सुई," लॅबच्या डॉक्टर मनवा म्हणाल्या. "आजी, तुम्ही प्रेशरची गोळी घेता?"

"अर्धीच."

"मग तुम्ही उठा. मला अगदी निरोगी बायका हव्यात."

"म्हणजे आता सुई पण नाय!"

बायका हसल्या. कमलची मुलगी मेघना हसली नाही. ती भिंतीला टेकून पर्सची चेन उघडत-मिटत उभी होती.

तिच्या भावाची, दीपकची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. कमलला मधुमेह, म्हणून तिचं चालणार नव्हतं. मेघनाचं जुळलं. सगळं ठरत आलं आणि एका रिपोर्टवर एका आकड्यापुढे चांदणी उमटली. तिचं रक्त गोठायला छापलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेत होतं. सर्जन म्हणाले, थांबा. ऑपरेशनच्या टेबलावर रक्त थांबलं नाही तर काय करणार?

त्या दिवशी घरात कोणाला जेवण गेलं नाही, असं कमल सगळ्यांना सांगायची. दुसऱ्या दिवशी कमल मनवा मॅडमच्या दारात हजर.

"आमच्या बायकांचं असंच आहे, मॅडम. विळीवर बोट कापलं की जरा जास्त वेळ दाबून बसतो. म्हणून आम्ही आजारी? बाळंतपणं झाली, दात काढले, कोणाला काही झालं नाही."

मनवा मॅडमनी तिला वाटेला लावलं नाही. इथल्या निरोगी बायकांचं रक्त तपासून लॅब आपली स्वतःची मर्यादा ठरवत होती. बरेच नमुने जमले होते, आणखी हवेच होते.

बाकावरच्या चौघींचं रक्त घेऊन झालं. कमलने हातासरशी स्वतःचीही बाही वर केली. मनवा मॅडमनी मान हलवली, तशी तिने ती खाली ओढली.

"मग हिचं परत घ्या. लागेल तेवढं घ्या."

मेघनाने हात पुढे केला.

पुढच्या आठवड्यात दोघी मॅडमच्या टेबलासमोर बसल्या. कमलच्या पदराला मिरच्यांचा वास येत होता. देठं खुडता खुडता ती तशीच उठून आली होती.

"मावशी, दही किती वेळात लागतं तुमच्याकडे?"

"उन्हाळ्यात दुपारपर्यंत. थंडीत रात्र जाते."

"मग थंडीतलं दही बिघडलेलं म्हणायचं?"

"बिघडलेलं कशाला? दहीच ते."

"तसंच हे. छापलेली मर्यादा यंत्राबरोबर आली होती, दुसऱ्या देशातल्या निरोगी बायकांवरून काढलेली. निरोगी बायकांतही सगळीकडे रक्त एकाच वेगाने गोठत नाही. आपल्या बायकांच्या आकड्यांत मेघना बरोबर मधे बसते. रक्त गोठवणारे घटकही वेगळे तपासले. काही दोष नाही."

"म्हणजे पास!" कमलने हात जोडले.

मेघनाने पर्सची चेन मिटली. पुन्हा उघडली नाही.

"मावशी, जरा बाहेर बसाल? मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय."

दार लागल्यावर मनवा मॅडमनी फाइल बाजूला ठेवली.

"तुला द्यायची आहे का किडनी? नको असेल तर मी घरच्यांना एवढंच सांगेन की जमत नाही. कारण सांगणार नाही. कोणी कितीही विचारलं तरी."

मेघना टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"पाच मिनिटं बाहेर जाऊन येऊ?"

"ये की."

बाहेर कमल बाकावर होती. हातात फोन, स्क्रीनवर दीपकचं नाव, पण कॉल केलेला नव्हता.

"काय म्हणाल्या?"

"विचारत होत्या."

"काय?"

मेघना तिच्या शेजारी बसली. कमलने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. समोरून एक वॉर्डबॉय रिकामी खुर्ची ढकलत गेला. तो वळेपर्यंत कमल त्याच्याकडे बघत राहिली.

"तो चांदणीवाला रिपोर्ट आला त्या दिवशी," ती म्हणाली, "तू दोनदा भात घेतलास."

मेघनाने मान वर केली नाही.

"वाढला मीच होता. बघितलं, कळलं, आणि तरी दुसऱ्या दिवशी इकडे आले. देशील गं त्याला?"

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"भीती वाटते, आई."

"हो."

दार उघडलं. "मेघना, येतेस?"

मेघना उठली. कमलही सवयीने अर्धी उठली, तिची पर्स धरायला हात पुढे केला. मग तो मागे घेतला आणि परत खाली बसली.

"जा," ती म्हणाली. "मी इथेच आहे. काय सांगशील ते सांग."